पायऱ्या नसलेली रेघ

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी ती जरा बरी सांगितली असती. शेवट तरी नीट केला असता. पण जसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं तसंच लिहितेय. विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

आधी माझ्याबद्दल. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. मी अर्थिंगला मानते. कुठे घूंऽऽ असा आवाज यायला लागला की लोक देवाचं नाव घेतात, मी प्लग काढून बघते. माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे, त्यातली खरखर पुसायची आणि ज्याचं त्याला पाठवून द्यायचं, हा माझा धंदा. असले विचित्र आवाज मी रोज ऐकते आणि रोज त्यांचं कारण सापडतं.

या एका वेळी सापडलं नाही.

रात्र नव्हती. हे आधीच सांगते, कारण सगळे तेच विचारतात. गेल्या हिवाळ्यातला मंगळवार होता, जेवणं झाल्यानंतरची दुपार. आमच्या इमारतीत तेवढाच वेळ शांतता असते, म्हणून मी रेकॉर्डिंग दुपारीच करते. तिसरा मजला, मागची खोली. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. एका बाजूला माझं टेबल, लॅपटॉप आणि दोन स्पीकर. दुसऱ्या बाजूला माईक आणि एक न करकरणारी खुर्ची.

खुर्चीत माझी धाकटी बहीण.

घरात तिला सगळे भोंगा म्हणतात. नाव उगाच पडलेलं नाही. लहानपणी ती गच्चीतून मला जेवायला हाक मारायची, तेव्हा खालच्या गल्लीतली चार मुलंही हात धुवायला पळायची. पुढे तिनं त्या आवाजाचंच काम केलं. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाई असते ना? किंवा फोनवर 'आपण रांगेत आहात' म्हणून आपलं डोकं उठवणारी? तशा कामाची ही बाई. बोलण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, असं ती स्वतःच सांगते. शिवण येत नाही, गाडी येत नाही, पोहता येत नाही. बोलता येतं.

त्या दिवशी एका लिफ्ट कंपनीचं मोठं काम सुरू होत होतं. शेकडो छोटी छोटी वाक्यं, महिना-दीड महिना सहज जाणार होता.

त्याच कामासाठी मी तो डबा आणला होता...

डबा म्हणजे मिडी कंट्रोलर. नाव ऐकून घाबरू नका, प्रकार सोपा आहे. काळी पेटी आणि तिच्यावर वर-खाली सरकणारी आठ बटणं. त्यांना फेडर म्हणतात. या पेटीतून आवाज जात नाही, फक्त आकडे जातात. फेडर तळाला असला की शून्य, टोकाला नेला की एकशे सत्तावीस. म्हणजे सगळ्या मिळून एकशे अठ्ठावीस पायऱ्या. कॉम्प्युटर तो आकडा वाचतो आणि ज्याचा फेडर, त्याचा आवाज कमी-जास्त करतो. पेटी मी वापरलेल्या सामानाच्या दुकानातून घेतली होती. चौथा फेडर भोंगाला दिला आणि शंभरावर ठेवला.

पहिलं वाक्य रेकॉर्ड करायला घेतलं आणि हेडफोनमध्ये...

घूंऽऽ.

हे अगदी नेहमीचं. मी नवऱ्याला हाक मारली. तो हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करतो, त्या दिवशी त्याची पाळी संध्याकाळची होती. तो डोळे चोळत आला, लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि आवाज बंद झाला.

"लॅपटॉप एका बोर्डावर, स्पीकर दुसऱ्या बोर्डावर," तो म्हणाला. "दोन्हीकडून अर्थिंग मिळतंय, त्याचा लूप झालाय. सगळं एकाच बोर्डावर घे. इतकी वर्षं काम करतेस, हे मी सांगायचं?"

"दाजी, आमच्या सासूबाईंची घरघर पण अशी बंद होईल का?" भोंगानं विचारलं.

"त्यांचा प्लग कुठे आहे ते शोधून ठेव, मी येतो."

ती हसली. तिच्या हसण्यानं मीटर थेट लाल पट्टीत गेला आणि मी हेडफोन काढून कान चोळत बसले. चार शिव्याही घातल्या. हे मुद्दाम सांगतेय. तिचा आवाज तेव्हा असा होता.

घूंऽऽ गेलं.

पण पडद्यावर चौथ्या फेडरचा आकडा...

शंभर. नव्याण्णव. शंभर. नव्याण्णव.

पेटीला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

"आतली पट्टी झिजलेली दिसते," नवरा वाकून बघत म्हणाला. "विजेचा जरासा नॉईज आला की त्याला कळत नाही, या पायरीवर उभं राहू का त्या. हॉस्पिटलात पण होतं असं. एक-दोन आकड्यांची हालचाल असेल तर लक्ष देऊ नकोस, असं प्रोग्रॅमला सांगून टाक."

तशी सोय असते. आमच्या धंद्यातला कुणीही हेच करेल. मी ती चालू केली. लहान हालचाल दिसली तर सोडून दे.

आकडा शंभरावर थांबला.

मला बरं वाटलं.

काम सुरळीत चाललं. भोंगा दिवसाआड यायची, चहा प्यायची, दोन तास बोलायची आणि जाताना पुन्हा अर्धा तास दारात उभी राहून बोलायची. बाहेरच्या जिन्यातून उतरताना फोनवर कुणाला तरी काहीतरी सांगत जायची. तिचे मजले मोजता यायचे ऐकून.

मग खरखर सुरू झाली.

घूंऽऽ नव्हे. हे निराळं होतं. बारीक, कोरडं सूंऽऽ... वाक्याच्या मागे, शब्दांच्या मधल्या जागेत. मी केबल बदलली. माईक बदलला. ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात काम केलं. फ्रिज बंद केला, आतलं दूध नासलं. शेजारच्या काकांना विनवून दुपारी त्यांचा जुना पंखा बंद ठेवायला लावला. नवऱ्यानं हॉस्पिटलातून तपासायचं यंत्र आणून घरातली सगळी वायरिंग धुंडाळली.

"वीज स्वच्छ आहे," तो म्हणाला. "आता फक्त मीच राहिलोय. मला बाहेर काढून बघ."

बाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं. पण खरखर प्रत्येक बैठकीला जराशी वाढतच होती. मला दुसरं काही सुचेना. जेवताना सूंऽऽ ऐकू यायचं, अंघोळ करताना यायचं. मी चिडचिड करायला लागले. रेकॉर्डिंग चालू असताना भोंगाला उगाच टोकायची, हलू नकोस, बांगड्या काढ, श्वास जपून घे. ती बिचारी मुकाट्यानं ऐकायची. ती मुकाट्यानं ऐकतेय, हेच खरं तर मला खटकायला हवं होतं.

एके दिवशी शेजारच्या काकू दारात भेटल्या.

"बहीण हल्ली येत नाही का गं?"

"येते की. कालच आली होती."

"हो का?" काकू आत डोकावल्या. "ऐकू नाही आली."

मी हसले आणि दार लावलं.

त्यानंतरच्या बैठकीला मी पाठमोरी बसून फायली लावत होते. हेडफोन गळ्यात होते, कान मोकळे. खोलीत सगळं शांत. का कोण जाणे, मानेवर काहीतरी झाल्यासारखं वाटलं म्हणून मी वळले...

भोंगा माझ्या मागे अगदी दोन हातांवर उभी होती. तिचं तोंड हलत होतं.

"ताई. ताई. अगं ताई."

तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. चेहरा लाल झाला होता. ती ओरडत होती. आणि मला ऐकू येत होतं ते झोपलेल्या मुलाशेजारी बसून बोलावं, तेवढंच.

"किती हाका मारल्या. बहिरी झालीस का?"

"तू हळू बोलतेयस."

"मी?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मी ओरडतेय अगं. माझेच कान बसले."

टेबलाकडे वळले. माझं लक्ष माईकच्या बटणाकडे गेलं. माईकनं किती जोर लावून ऐकायचं ते ठरवणारं बटण. पहिल्या दिवशी ते पाव वळणावर होतं, तिच्यासाठी त्याहून जास्त कधी लागलंच नाही.

आता ते जवळजवळ शेवटाला टेकलं होतं.

कुणी फिरवलं? मीच. प्रत्येक बैठकीला जरासं, सवयीनं, लक्षही न देता. आवाज कमी वाटला की आमचा हात आपोआप तिकडे जातो. आणि माईक जास्त जोरानं ऐकायला लागला की खोलीतली आणि तारांतली बारीक खरखरही वर येते. हे पहिल्या वर्षाला शिकणारी पोर पण सांगेल. मी मात्र घरभर नॉईज शोधत फिरत होते.

नॉईज वाढत नव्हता. तो होता तेवढाच होता.

आवाज कमी होत होता...

मग मला तो आकडा आठवला, तो शंभरावर शहाण्यासारखा उभा असलेला. मी प्रोग्रॅममधली ती सोय बंद केली, लहान हालचाल सोडून देणारी.

आकडा बदलला.

एकसष्ट.

पेटीवरचा फेडर शंभराच्या खुणेवरच होता. मी हात लावून बघितला, तसूभरही हललेला नव्हता.

नवरा घरी होता. मी त्याला हाक मारली, माझ्या हाकेत काय होतं कोण जाणे, तो धावतच आला. त्यानं आधी पेटी बघितली, मग पडदा.

"पट्टी कामातून गेली. बदलून टाक."

"थांब. रेघ बघू."

फेडर जसा हलतो तशी त्याची रेघ कॉम्प्युटर लिहून ठेवतो. पहिल्या दिवसापासूनची रेघ तिथे होती. चौथ्या फेडरची रेघ शंभरावरून निघून खाली येत होती. घाई नाही, थांबणं नाही. दर क्षणाला इतकी कमी, की 'लहान हालचाल सोडून दे' म्हटल्यावर प्रोग्रॅमनं ती इमानदारीनं सोडून दिली होती.

"रेघ मोठी कर," नवरा म्हणाला.

मी मोठी केली. शेजारच्या तिसऱ्या फेडरची रेघ मोठी केल्यावर दिसावी तशीच दिसली, जिन्यासारखी. पायरी, मग पायरी, मग पायरी. या पेटीला फक्त एकशे अठ्ठावीस पायऱ्या येतात. अर्धी पायरी तिला माहीतच नाही.

चौथ्याची रेघ गुळगुळीत होती.

मी अजून मोठी केली. गुळगुळीत.

अजून... प्रोग्रॅम जिथपर्यंत जाऊ देतो तिथपर्यंत गेले. एकही पायरी नाही. मुलांची घसरगुंडी असते तशी नुसती उतरत गेलेली.

"प्रोग्रॅमनं गुळगुळीत केली असेल," नवरा म्हणाला.

"मग बाकीच्या सात का नाही केल्या?"

त्यानं वाकून पेटीची केबल धरली आणि उपटली. पेटी उचलून दोन्ही हातांत धरून उभा राहिला. पेटीचा लॅपटॉपशी आता काही संबंध उरला नव्हता.

पडद्यावर चौथी रेघ पुढे सरकत होती.

खाली.

"हे यातून येत नाहीये," तो म्हणाला. त्याचा आवाज चमत्कारिक झाला होता.

"काय झालं?" भोंगानं विचारलं. म्हणजे तिच्या ओठांवरून कळलं.

तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता, आणि ती ऐकणाऱ्यातली नव्हतीच. आम्ही सगळं सांगितलं. तिनं पडद्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाजी, तुम्ही दोघांनी मला रिमोट लावलाय का?"

कुणी हसलं नाही.

मग तीच म्हणाली, "लावलाय तर वाढवून बघ ना, ताई."

नवरा नको म्हणत होता. मलाही नको वाटत होतं. पण दुसरं काय करणार होतो? मी केबल परत जोडली. चौथा फेडर खाली आणून एकसष्टला जुळवला, म्हणजे एकदम उडी बसायला नको. माईक बंद, स्पीकर बंद. खोलीत फक्त आम्ही तिघं. तिला म्हटलं, काहीतरी बोलत राहा.

ती नेहमीचंच बोलायला लागली. "दरवाजा बंद होत आहे. कृपया दरवाज्यापासून दूर राहा. दरवाजा बंद..."

मी फेडर वर सरकवला.

बासष्ट.

तिचा आवाज वाढला. माईकशिवाय. हवेत.

त्रेसष्ट. चौसष्ट. खरंच वाढत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी अजून वर नेला, आणि मग ते ऐकू आलं...

कट्.

कट्. कट्.

प्रत्येक आकड्याला. बटण दाबल्यासारखं, पण ते तिच्या गळ्यातून येत होतं. तिचा आवाज चढत नव्हता, पायरी-पायरीनं उचलला जात होता आणि प्रत्येक पायरीला तिचं डोकं मागे झटका खात होतं. "दर... वा... जा..." तिनं दोन्ही हातांनी गळा धरला तरी ती बोलायची थांबली नाही. मी सांगितलं होतं ना, बोलत राहा.

मी हात काढून घेतला.

ती खोकली. रुमालावर लाल ठिपका पडला होता, टिकलीएवढा.

पडद्यावर आकडा एकाहत्तर झाला होता. आमच्या डोळ्यांसमोर तो परत उतरायला लागला. सत्तर. एकोणसत्तर. तिला काही होत नव्हतं, दुखत नव्हतं, झटका नव्हता. तो जो कुणी खाली आणत होता, त्याचा हात फार मऊ होता. माझ्याकडे पायऱ्या होत्या. त्याच्याकडे नव्हत्या.

एकसष्टला येऊन तो पुन्हा आपल्या चालीनं चालू लागला.

"परत कर," भोंगा म्हणाली. "आलं होतं ना थोडं? मला कळलं तुझ्या तोंडावरून. परत कर."

"नाही."

"ताई, मी सहन करते. जरासंच दुखतं."

"नाही म्हटलं ना."

"माझा आवाज आहे. तू कोण नाही म्हणणारी?"

तिनं स्वतः पेटीकडे हात नेला. मी पेटी उचलून छातीशी धरली. लहानपणी खेळण्यांवरून भांडायचो तशा आम्ही दोघी मोठ्या बायका त्या डब्यावरून झोंबत होतो, आणि ती रडत होती, आणि तिच्या रडण्याचा आवाज येत नव्हता. शेवटी नवऱ्यानं मला आणि पेटीला खोलीबाहेर काढलं.

पुढचं भराभर सांगते.

घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून आत बघितलं. घसा निरोगी. छाती चांगली. जेवढा जोर लावायला हवा तेवढा ती लावतेय, असं यंत्रात दिसत होतं. "मग आवाज कुठे जातो?" मेहुण्यांनी, म्हणजे भोंगाच्या नवऱ्यानं विचारलं. डॉक्टरांनी अजून दोन तपासण्या लिहून दिल्या. त्यातही काही निघालं नाही.

दुकानदाराला गाठलं. पेटी कुणाची, कुठून आली, त्याला ठाऊक नव्हतं. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओचं सामान होतं, त्यात आली. मी फार खोदून विचारलं तर चिडला. घेताना तपासून घ्यायचं होतं, म्हणाला.

आम्ही पेटी फोडली. आत बाकी पेट्यांत असतं तेच होतं.

लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. कितीतरी दिवस हात लावला नाही. भोंगाचा आवाज कमी व्हायचा तो होतच राहिला. न राहवून एकदा उघडला, तर रेघ मधल्या सगळ्या बंद दिवसांचीही काढलेली. एकसारखी. कुठेही तुटलेली नाही.

पहिल्या दिवशीच्या फाइलमध्ये तिचं ते हसणं अजून आहे, नवऱ्याच्या प्लगवर हसलेलं. एकदा लावलं होतं. पुन्हा लावायची माझी ताकद नाही.

काम अर्थातच गेलं. लिफ्ट कंपनीनं दुसरी बाई घेतली. भोंगा आता घरी असते. मेसेज लिहून बोलते, पण त्यानं तिचं भागत नाही. "लिहिणं म्हणजे काय बोलणं आहे का?" असं ती लिहिते. म्हणून ती मला रोज दुपारी फोन करते. तिला तिचा आवाज पूर्वीसारखाच मोठा ऐकू येतो. मला काहीच ऐकू येत नाही, हे तिला माहीत आहे. तरी म्हणते, तू नुसतं हं म्हण, मी सांगत जाते.

म्हणून मी फोन कानाला लावायची आणि अंदाजानं हं म्हणायची. हं. हो का. हं. दिवसातलं सगळ्यात कठीण काम होतं ते माझं.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मी उचलला. पलीकडे काही नाही. श्वाससुद्धा नाही. आणि त्या दिवशी मला हं म्हणायचंही सुधरलं नाही. मला रडू फुटलं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोनवर तळहात घट्ट दाबून धरला आणि तशीच बसून राहिले. किती वेळ कोण जाणे. एक अक्षर बोलले नाही. शपथेवर सांगते, एक अक्षर नाही.

मग फोन बंद झाला.

थोड्या वेळानं तिचा मेसेज आला.

'ताई, आज किती दिवसांनी मनमोकळं बोललीस. तुझं हसणं ऐकून फार बरं वाटलं.'

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. तेवढ्यात दुसरा आला.

'आणि काळजी करू नकोस. तू जे सांगितलंस ते मी कुणाला बोलणार नाही. दाजींना पण नाही.'

मी लिहायला घेतलं, की अगं, मी काही बोललेच नाही. लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी ऐकलं होतं. कुणीतरी तिच्या वाक्याला उत्तर दिलं होतं, तिच्या विनोदाला हसलं होतं. ते मी तिच्याकडून कसं काढून घेऊ? आणि नाही काढून घेतलं तर?

शेवटी 'बरं' एवढंच लिहून पाठवलं.

तेव्हापासून रोज दुपारी फोन येतो. मी उचलते आणि टेबलावर ठेवते. पूर्वी दहा मिनिटांत संपायचा, आता तास-तास चालतो. नंतर तिचा मेसेज येतो. कधी 'तू म्हणालीस तसंच केलं.' कधी 'तू सांगितलेली जागा बघून ठेवली.' मी कुठली जागा सांगितली, असं मी तिला विचारू शकत नाही. काल मेहुण्यांना फोन करून म्हटलं, तिला एकटीला सोडू नका. का म्हणून विचारलं त्यांनी. मला सांगता आलं नाही.

आत्ता जेवणं झाली आहेत. इमारत शांत झाली आहे.

फोन वाजतोय.